ऐंशी घोड्यांचा हिशेब

मारुतीच्या सुपर कॅरीचे माहितीपत्रक उघडले की इंजिनाची ताकद दिसते : सुमारे ८० अश्वशक्ती. महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिक-अप एचडी २.० चा आकडाही ८०. टाटाच्या इंट्रा व्ही ५० चा ८०, अशोक लेलँडच्या बडा दोस्तचाही ८०. अमरावती-अकोल्याच्या शोरूममध्ये नवी गाडी घ्यायला गेलेला माणूस इथवर वाचून म्हणेल, मग स्वस्तातली घ्यावी की! पण नजर पुढच्या ओळीवर गेली की गणित फिसकटते. सुपर कॅरीच्या पेट्रोल आवृत्तीची भारक्षमता ७४० किलो, इंट्रा व्ही ५० ची १५०० किलो, बडा दोस्तच्या आय ४ आवृत्तीची साडेअठराशेच्या आसपास आणि बोलेरो एचडीची २००० किलो. घोडे तेवढेच, माल जवळपास पावणेतीनपट.

वऱ्हाडात पिकअपशिवाय पान हलत नाही. वरूड-मोर्शीची संत्री, अकोट-तेल्हाऱ्याचा कापूस, अंजनगाव सुर्जीची केळी आणि पानपिंपरी, अकोल्याच्या दालमिलची पोती, लग्नाचा मंडप, गणपतीची मूर्ती, सगळे हिच्याच हौद्यातून जाते. साहजिकच कोणाची गाडी जास्त ‘ओढते’ हा चहाच्या टपरीवरचा कायमचा वाद. त्या वादात अश्वशक्तीचा आकडा सर्रास फेकला जातो, पण तो नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे फारसे कोणी उलगडत नाही.

अश्वशक्ती हे कामाच्या वेगाचे माप आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायला जेवढी शक्ती लागते ती एक अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ७३५ वॅट. ब्रिटिश पद्धतीत हाच आकडा ७४६ वॅट येतो. वाफेचे इंजिन विकताना ते किती घोड्यांचे काम करील हे खाणमालकांना पटावे म्हणून जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे माप रूढ केले.

वऱ्हाडच्या माणसाला घोड्यापेक्षा बैल जवळचा. शेतकी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत एका चांगल्या बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरतात. अकोला आणि खामगावच्या बाजारात एकेकाळी सगळा कापूस बंडीतून यायचा. गाडीचे वजन धरून बारा-तेरा क्विंटलचा बोजा कच्च्या रस्त्यावरून ताशी साडेतीन किलोमीटरने ओढायला लागणारी शक्ती मोजली, तर उत्तर एका अश्वशक्तीच्या आसपासच येते. म्हणजे टनभर ओझे हलवायला एक अश्वशक्तीही पुरते, फक्त बैलाच्या चालीने जावे लागते. तेच ओझे ताशी साठने न्यायचे तर घोडे वाढवावे लागतात. किती वेगाने, एवढेच अश्वशक्ती सांगते.

जागचे ओझे हलवायला लागतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. तो न्यूटन-मीटरमध्ये, बोलीत ‘एनएम’मध्ये मोजतात. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण साडेबावीस किलो वजन टांगले की नटवर जो पीळ पडतो तो २२० एनएम. बोलेरो एचडी २.० आणि इंट्रा व्ही ५० या दोघींचा कमाल टॉर्क एवढाच आहे. बडा दोस्तचा १९० एनएम. सुपर कॅरीचा १०४ एनएम. ऐंशी-ऐंशीच्या बरोबरीतली खरी तफावत इथे दिसते.

टॉर्क आणि अश्वशक्ती या दोन वेगळ्या चिजा नाहीत. टॉर्कला इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले की शक्ती मिळते. सुपर कॅरी आपले ८० घोडे मिनिटाला ६००० फेऱ्यांवर दाखवते. बोलेरोचे डिझेल इंजिन ते ३२०० च्या आसपासच दाखवून मोकळे होते. आता दोन्ही इंजिने १५०० फेऱ्यांवर आणून बघा. भरलेली गाडी बाजार समितीच्या फाटकातून बाहेर काढताना किंवा चढावर गिअर बदलताना इंजिन साधारण याच टप्प्यात असते. बोलेरो इथे पूर्ण २२० एनएम देते, म्हणजे सुमारे ४६ अश्वशक्ती. सुपर कॅरीचे पेट्रोल इंजिन आपला कमाल टॉर्क २९०० फेऱ्यांवर देते. तो सगळा जोर १५०० वरच मिळाला असे समजले, तरी हिशेब २२ अश्वशक्तीच्या पुढे जात नाही. म्हणूनच पेट्रोल गाडीचा ड्रायव्हर चढावर गिअर खाली टाकून इंजिन किंचाळेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबतो आणि डिझेलवाला तिसऱ्यात घुरघुरत निघून जातो.

हा फरक इंजिनाच्या पोटात आहे. बोलेरो पिक-अपच्या २५२३ सीसी इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८८.९ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १०१.६ मिलिमीटर. इंचात मांडा, बरोबर साडेतीन आणि चार! धाव व्यासापेक्षा लांब, त्यामुळे क्रँकशाफ्टला पीळ देणारा हात लांब. सुपर कॅरीच्या ११९७ सीसी इंजिनात व्यास ७३ आणि धाव ७१.५, जवळपास चौकोनी. एका सिलिंडरमागे तिथे ६३० सीसी, इथे तीनशेही नाही. त्यात डिझेलला टर्बोचार्जर. धुराच्या जोरावर फिरणारा हा पंखा सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबतो, म्हणून कमी फेऱ्यांतही भरपूर डिझेल जाळता येते. टाटा योद्धाचे २१७९ सीसी इंजिन याच जातकुळीचे : व्यास ८५, धाव ९६. योद्धा २.० मध्ये ते १०० अश्वशक्ती आणि २५० एनएम देते, आणि गाडी दोन टन वाहते.

बोलेरोचे इंजिन तर जुन्या घराण्याचे. २००० साली बोलेरो बाजारात आली तेव्हा तिच्यातही २५२३ सीसीचेच डिझेल होते. पुढे त्याला कॉमन रेल आली, इलेक्ट्रॉनिक मेंदू आला, धुराचे नियम कडक होत गेले तसतसे साज बदलले. खेड्यातल्या मिस्त्रीचा हात मात्र या इंजिनावर पंचवीस वर्षांपासून बसलेला आहे. गाडी निवडताना कास्तकार हेही मोजतो आणि त्याचा आकडा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

आता ही ताकद रस्त्यावर कशी खर्च होते ते पाहू. अमरावती ते अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३, जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ‘नंबर सहा’. ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत याच मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एका लेनचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारचा होता, तोही जेमतेम सव्वापंचवीस किलोमीटरचा. अशा सपाट, गुळगुळीत रस्त्यावर मालासह ३.४ टन भरलेली पिकअप ताशी ६० ने चालवायला ढोबळमानाने वीस अश्वशक्ती पुरते. ताशी ८० ला ती तेहतीसच्या घरात जाते आणि १०० ला पंचावन्नच्या आसपास. वेग पावणेदोनपटही झाला नाही, ताकद मात्र पावणेतीनपट लागली.

याला कारण वारा. टायरांचा अडथळा वेगाबरोबर फारसा वाढत नाही, पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाने. कापसाची गाडी वजनाने हलकी पण वाऱ्याला मोठी असते. हौद्याच्या वर फळ्या लावून, ताडपत्री बांधून कापूस उंच चढवला की महामार्गावर ती गाडी संत्र्याच्या जड गाडीपेक्षाही जास्त डिझेल मागू शकते. मालवाहू गाड्यांना ताशी ८० वर अडवणारा स्पीड गव्हर्नर असतो. तेव्हा सपाट रस्त्यापुरते बोलायचे तर ऐंशी घोड्यांपैकी निम्मे घोडे बहुतेक वेळ नुसते उभे असतात. शंभर घोड्यांची गाडी घेऊन फक्त अमरावती-अकोला करणाऱ्याने पैसे चढासाठी मोजले आणि चढ पाहिलाच नाही, असे होते.

चढ पाहायचा तर परतवाडा सोडून चिखलदऱ्याकडे निघावे. अमरावती समुद्रसपाटीपासून ३४३ मीटरवर, चिखलदरा १११८ मीटरवर. गाविलगडाच्या डोंगरात शिरले की रस्ता वळणावळणाने चढत जातो. शंभर मीटर अंतरात आठ मीटर चढणारा रस्ता धरा. १.७ टन माल भरलेली, एकूण ३.४ टनांची बोलेरो पिक-अप इथे ताशी २० ने चढवायला साधारण २४ अश्वशक्ती लागते, ताशी ४० ने चढवायची तर पन्नासच्या आसपास. एचडी २.० पेक्षा कमी भाराच्या या पिक-अपचे इंजिन कमाल ७५ अश्वशक्तीचे आणि २०० एनएमचे. १५०० फेऱ्यांवर ते ४२ अश्वशक्ती देते. म्हणजे ड्रायव्हर घाई न करता दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घाट काढू शकतो. इथे गिअरबॉक्स इंजिनाच्या बरोबरीने राबते. पहिल्या गिअरमध्ये, डिफरन्शिअल धरून, इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत पोहोचताना वीसपटीच्या आसपास वाढतो आणि चाकाचा वेग तेवढाच कमी होतो. आठवडी बाजाराचा माल घेऊन धारणी-सेमाडोहकडे जाणाऱ्या गाड्यांची सगळी मदार या पटीवर असते. अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमच्या पठारावर चढणाऱ्या गाड्यांचेही तेच.

मे महिन्यात या हिशेबात ऊन शिरते. इंजिनाची ताकद प्रयोगशाळेत २५ अंश तापमान प्रमाण मानून जाहीर करतात. अकोल्याचा पारा मात्र ४५ च्या पुढे जाणे ही नेहमीचीच गोष्ट. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. हवा कमी, म्हणजे इंधन जाळायला प्राणवायू कमी. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाचे ऐंशीतले तीन-चार घोडे असे उन्हातच विरतात. चिखलदऱ्याच्या उंचीवर हवा आणखी विरळ, पायथ्यापेक्षा पाऊण हजार मीटर वर. टर्बोचार्जर आणि इंटरकूलर असलेले डिझेल ही तूट बऱ्याच अंशी भरून काढते. उन्हाळ्यात चढावर काटा लाल रेघेकडे जाऊ लागला की ड्रायव्हर गाडी सावलीला लावतात, ते रेडिएटरला दम मिळावा म्हणून.

पावसाळ्यात मामला वेगळाच. पूर्णेच्या खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची काळी माती एका सरीत लोण्यासारखी होते आणि पांदण रस्त्यावर पिकअप पोटापर्यंत बसते. तिथे शंभर अश्वशक्तीही उपयोगाची नाही, कारण जोर देणारे मागचे चाक जागीच फिरते. चाक जेवढे जमिनीला धरते तेवढाच जोर गाडीला मिळतो. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन कमी, म्हणून ती भरलेल्या गाडीच्या आधी फसते. चारही चाकांना जोर देणारी फोर बाय फोर पिकअप अशा वेळी कामाची. टाटा योद्धात तो पर्याय मिळतो, पण किंमत आणि देखभाल दोन्ही वाढतात. बहुतेक गावांत अजून शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावणेच परवडते. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती या चिखलावर खडीकरणाचा उतारा म्हणूनच.

इंजिन ओढू शकते म्हणून गाडी वाहू शकते, असेही नाही. गाडीने किती वाहावे हे चेसिस, पाटे, ॲक्सल, ब्रेक आणि टायर ठरवतात आणि आरटीओच्या कागदावर ते ‘पासिंग’ म्हणून उतरते. वीस किलो संत्री आणि दोन किलोंचे रिकामे कॅरेट असा बावीस किलोंचा हिशेब धरला, तर १.७ टनांच्या गाडीत ७७ कॅरेट बसतात. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे निघू लागली की शंभर-सव्वाशे कॅरेट चढवण्याचा मोह होतो, आणि इंजिन तक्रार न करता ओढतेही. तक्रार येते ती उतारावर, ब्रेककडून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये अशी तरतूद आहे. चेसिस घेऊन बाहेरून मजबूत लोखंडी हौदा बसवून घेणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे, की त्या हौद्याचे वजन मालाच्या वाट्यातून वजा होते.

मागे वळून पाहिले तर आजचे आकडे चैनीचे वाटतील. बजाज टेम्पोची तीनचाकी, मग मॅटॅडोर, १९८६ नंतर टाटाची ४०७, अशी मालवाहतुकीची चढती भांजणी होती. मे २००५ मध्ये टाटा एस आली, म्हणजे गावोगावचा ‘छोटा हाथी’. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, आणि ताकद अवघी १६ अश्वशक्ती! गिरीश वाघ यांच्या चमूने ती घडवली. टॉर्क चाळिशीही गाठत नव्हता. तरी ती पाऊण टन माल घेऊन गल्लीबोळांतून फिरली, कारण तिच्या मालकाला घाई नव्हती. त्याला तीनचाकीपेक्षा स्थिर, चार चाकांची, खिशाला झेपणारी गाडी हवी होती. वऱ्हाडातल्या कित्येक भाजीवाल्यांचा आणि किराणा दुकानदारांचा धंदा या सोळा घोड्यांवर उभा राहिला.

दुसऱ्या टोकाला टोयोटा हायलक्स. २०२२ मध्ये भारतात आलेल्या या पिकअपचे २.८ लिटर डिझेल इंजिन २०४ अश्वशक्तीचे, ऑटोमॅटिक आवृत्तीत टॉर्क तब्बल ५०० एनएम. आणि भारक्षमता? अर्ध्या टनाच्याही आत. तिची ताकद पाच माणसांना वातानुकूलित केबिनमध्ये बसवून डोंगर-वाळू तुडवण्यासाठी आहे. अमेरिकेत फोर्ड एफ-१५० चे ३.५ लिटर इंजिन ४०० अश्वशक्ती देते, पण तिच्या बहुतेक आवृत्त्या पाठीवर पाऊण ते एक टनच वाहतात. तिथे गाडीमागे मोठा ट्रेलर जोडून महामार्गाच्या वेगाने ओढायचा असतो, म्हणून एवढे घोडे. हायलक्स आणि एफ-१५० च्या शेजारी केवळ अश्वशक्तीची यादी लावली तर बोलेरो तळाला जाईल. एका अश्वशक्तीमागे किती माल, अशी यादी लावली तर तीच त्यांच्या आणि सुपर कॅरीच्या वर येईल : एचडी २.० मध्ये दर घोड्यामागे २५ किलो, सुपर कॅरीत सव्वानऊ, हायलक्समध्ये अडीचही नाही.

यात सुपर कॅरीला कमी लेखण्याचे कारण नाही. भरल्यावर तिचे एकूण वजन १६०० किलो, म्हणजे टनामागे ५० अश्वशक्ती. दोन टन माल घेतलेल्या बोलेरोला टनामागे एकवीस-बावीसच मिळते. अमरावतीच्या राजकमल चौकातून किंवा अकोल्याच्या गांधी रोडवरून दूध, ब्रेड, औषधांची खोकी पोहोचवणाऱ्याला ही चपळ, कमी आवाजाची गाडी सोयीची. संत्रा बागेतून मंडीत फेऱ्या मारणाऱ्याने मात्र विक्रेत्याला तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : कमाल टॉर्क किती, तो किती फेऱ्यांवर मिळतो आणि हौद्यासकट पासिंग किती. शक्य असेल तर रिकाम्या गाडीची चाचणी न घेता पोती भरून एखादा उड्डाणपूल चढून पाहावा. परवान्याची चिंता आता कमी झाली आहे. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

अश्वशक्तीच्या तुलनेला खरा सुरुंग लावला तो विजेच्या गाड्यांनी. टाटा एस ईव्हीची मोटर २७ किलोवॅटची, म्हणजे ३६ अश्वशक्तीची, सुपर कॅरीच्या निम्म्याहून कमी. पण टॉर्क १३० एनएम, आणि तो पहिल्या फेरीपासून हजर. मोटरला फेऱ्या वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. चौकाचौकात थांबून पुन्हा निघणाऱ्या गाडीला याहून सोयीचे काही नाही. अडचण आहे ती अंतराची. एका चार्जवर १५४ किलोमीटर, टनभर माल नेणाऱ्या आवृत्तीत १६१ किलोमीटर, असे कंपनी सांगते. अमरावतीहून अकोला शंभर किलोमीटरच्या आसपास, जाऊन-येऊन दोनशे. दालमिल ते ठोक बाजार, गोदाम ते किराणा दुकान अशा शहरातल्या फेऱ्यांत ती सहज बसते. वरूडच्या बागेतून निघणाऱ्या संत्र्यासाठी, निदान वाटेत चार्जिंगची भरवशाची सोय होईपर्यंत, डिझेलचीच गाडी लावावी लागेल.